‘सत्यान्वेषी’ : शोध घेणाऱ्याचे नाव आणि सांगणाऱ्याचे अज्ञान (दूरदर्शनवरील ‘ब्योमकेश बक्शी’ मालिकेच्या पहिल्या भागाचा अभ्यास)

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार मराठीत विपुल लिहिला गेला, त्याहून विपुल वाचला गेला. अभ्यासला मात्र फारच कमी गेला. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) या एकट्या लेखकाच्या नावावर हजाराहून अधिक पुस्तके जमा आहेत. असे असूनही पदव्युत्तर वर्गात त्यांचा उल्लेख झालाच तर तो ‘लोकप्रिय साहित्य’ या शीर्षकाखालील टिपेपुरता होतो. या उपेक्षेचे एक कारण असे की, रहस्यकथेचे परीक्षण ‘पुढे काय झाले’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. कथा कोण सांगतो, त्याला किती ठाऊक आहे, जे ठाऊक आहे त्यातले किती तो वाचकापासून राखून ठेवतो, हे निवेदनाचे प्रश्न कादंबरीच्या संदर्भात आवर्जून विचारले जातात. रहस्यकथेच्या बाबतीत ते विचारलेच जात नाहीत. वास्तविक हे प्रश्न ज्या प्रकारात जीवनमरणाचे असतात असा प्रकार रहस्यकथेखेरीज दुसरा नाही.

या प्रश्नांच्या चर्चेसाठी प्रस्तुत लेखात एक दृक्‌श्राव्य संहिता निवडली आहे. बासू चॅटर्जी दिग्दर्शित ‘ब्योमकेश बक्शी’ ही हिंदी मालिका दूरदर्शनवरून १९९३ मध्ये प्रथम प्रसारित झाली आणि तिचे दुसरे पर्व १९९७ मध्ये आले. तिचा पहिला भाग शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ‘सत्यान्वेषी’ या बंगाली कथेवर आधारलेला आहे. बंगाली कथा, हिंदी रूपांतर आणि मराठीचा वर्ग असा हा तिपेडी व्यवहार आहे. खानदेशात तो अवघड वाटण्याचे कारण नाही. जळगाव–धुळ्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलतो, वर्गात प्रमाण मराठी लिहितो आणि बऱ्हाणपूर–सेंधव्याच्या बाजूने येणारी बाजाराची हिंदी लहानपणापासून ऐकत असतो. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना काय सांडते आणि काय नव्याने हाती लागते, हे त्याला पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

कथेचा गाभा थोडक्यात असा. अजित हा लिहिण्याची हौस असलेला, पोटापाण्याची विवंचना नसलेला अविवाहित तरुण कलकत्त्यातील एका स्वस्त मेसमध्ये राहतो. मेसचे चालक अनुकूलबाबू होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत. मृदुभाषी, परोपकारी, सर्वांना हवेसे. वस्ती मात्र बदनाम आहे. तेथे अधूनमधून खून पडतात आणि त्यांचा उलगडा होत नाही. अशा वेळी अतुलचंद्र मित्र नावाचा, नोकरीच्या शोधात असलेला एक तरुण आसरा मागत येतो. जागा नसल्याने अजित त्याला आपल्या खोलीत घेतो. पुढे मेसमधील अश्विनीबाबूंचा खून होतो. त्यांना नको ते कळलेले असते. संशयाची सुई साहजिकच या उपऱ्या अतुलकडे वळते. शेवटी उघड होते ते असे की, होमिओपॅथीच्या औषधांच्या आडून कोकेनचा चोरटा व्यापार करणारा आणि त्यापायी माणसे मारणारा इसम म्हणजे खुद्द डॉक्टर अनुकूलबाबू, आणि अतुल म्हणजे पोलिसांच्या संमतीने नाव बदलून तेथे राहिलेला व्योमकेश बक्षी. अजित त्याच्या हॅरिसन रोडवरील घरी जातो तेव्हा दारावरच्या पाटीवर नावाखाली एकच शब्द असतो : सत्यान्वेषी.

कोकेन हा तपशील आज विचित्र वाटेल. पण तो काळाला धरून आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कलकत्ता, मुंबई अशा शहरांत पानातून कोकेन खाण्याचे व्यसन पसरलेले होते आणि घातक मादक द्रव्यांसंबंधीचा अखिल भारतीय कायदा १९३० मध्ये झाला. शरदिंदूंची कथा त्यानंतर दोन-तीन वर्षांतली आहे. कोठल्याशा दूरच्या संस्थानातील हिऱ्यामागे न धावता लेखकाने वर्तमानपत्रातला गुन्हा उचलला, ही गोष्ट कथेच्या स्वभावाविषयी बरेच सांगून जाते.

‘मेस’ या शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. जळगाव किंवा धुळे येथील विद्यार्थ्याच्या लेखी मेस म्हणजे महिन्याचे पैसे भरून दोन वेळ जेवायचे ठिकाण; राहण्याची ‘रूम’ निराळी. कलकत्त्याची मेस म्हणजे राहणे आणि जेवणे एकत्र असलेले, कुटुंब गावी ठेवून नोकरीसाठी आलेल्या पुरुषांचे बिऱ्हाड. हा फरक केवळ शब्दकोशातला नाही. मेसमध्ये शेजारच्या खोलीतील माणसाचे नाव ठाऊक असते, वेळापत्रक ठाऊक असते. त्याचे घराणे, त्याचा भूतकाळ ठाऊक नसतो, आणि तो विचारण्याची रीतही नसते. कोणीही येऊन ‘मी अतुलचंद्र मित्र’ असे म्हणावे आणि इतरांनी ते मान्य करावे, हे अशाच ठिकाणी शक्य होते.

खानदेशातील खेड्यात उपऱ्या माणसाचे स्वागत ‘कोन गावना?’ या प्रश्नाने होते, आणि उत्तरातून गाव, भाऊबंदकी, सोयरीक असा सगळा पट पाच मिनिटांत उलगडतो. तेथे अतुल एक रात्रही टिकला नसता. मराठी कथेतील चाळ ही मेसला जवळची वास्तू असली तरी चाळीचा धर्म उलटा आहे. तेथे सर्वांना सर्वांचे ठाऊक असते, निदान ठाऊक असल्याचा समज असतो. मराठीतील वाड्याची रहस्ये बहुधा कुटुंबाची असतात : पुरलेले धन, दडवलेला वारस, दारे लावलेली खोली. अनोळखी माणसांच्या सहवासातून जन्मणारे रहस्य हे महानगराचे अपत्य आहे. मराठी रहस्यकथेने मुंबई वापरली ती मुख्यतः पाठलाग, बंगले आणि बंदर यांसाठी; तिथल्या अनोळखीपणाचा कस तिने क्वचितच लावला.

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. मूळ कथा अजित सांगतो. प्रथमपुरुषी निवेदनात दोन ‘मी’ असतात : प्रसंग अनुभवणारा आणि नंतर तो सांगणारा. सांगणाऱ्या अजितला अतुल कोण हे पक्के ठाऊक आहे; अनुभवणाऱ्या अजितला मुळीच ठाऊक नाही. सांगणारा आपले ज्ञान बाजूला ठेवतो आणि अनुभवणाऱ्याच्या अज्ञानाच्या बाजूने बोलतो. हे अज्ञान कथेचे इंधन आहे. अतुलविषयी अजितला जिव्हाळा वाटतो आणि मधूनच शंकाही येते. वाचकालाही तसेच वाटते. म्हणजे कथेत रहस्ये दोन आहेत. खुनी कोण हे एक, आणि हा अतुल कोण हे दुसरे. दुसरे रहस्य पहिल्याच्या पुढ्यात उभे राहून त्याला झाकते. अतुलवर संशय घेण्यात वाचकाची शक्ती खर्च होते, आणि तेवढा वेळ अनुकूलबाबूंना निवांत मिळतो.

येथे लेखनक्रमाचा एक तपशील ध्यानात घ्यावा लागतो. ‘सत्यान्वेषी’ ही व्योमकेशमालेतील आरंभकथा समजली जात असली तरी ती प्रथम लिहिलेली नाही. ‘पथेर काँटा’ आणि ‘सीमंत हीरा’ या कथा तिच्याआधी लिहून झाल्या होत्या. कथांची माला करावयाची असे ठरल्यावर नायकाचा परिचय करून देण्यासाठी लेखकाने मागे वळून ही कथा रचली. म्हणजे नायकाचे नाव वाचकाच्या कानावर असताना त्याच नायकाला दुसऱ्या नावाने, कोणतीही खूण न देता, त्याच वाचकासमोर वावरू द्यायचे हे आव्हान लेखकाने जाणूनबुजून पत्करले. शब्दांच्या माध्यमात ते पेलता येते, कारण शब्दांना चेहरा नसतो. अजित ज्याला अतुल म्हणतो तो अतुलच.

दूरदर्शनच्या भागात ही सवलत उरत नाही. मालिकेचे नावच ‘ब्योमकेश बक्शी’. शीर्षकावलीत नट रजित कपूर याचे नाव आणि भूमिका दोन्ही समोर येतात. मेसच्या दारात तो नट ‘अतुल’ म्हणून उभा राहतो, तेव्हा अजितला (भूमिका के. के. रैना) एक गरजू तरुण दिसतो आणि प्रेक्षकाला नाव बदललेला व्योमकेश दिसतो. लेखकाने कष्टाने एका पातळीवर आणलेली दोन अज्ञाने कॅमेऱ्याने पहिल्याच भेटीत वेगळी केली. अतुल कोण हे रहस्य तेथेच संपते. त्याबरोबर फसवी वाटही नाहीशी होते. अतुलवर संशय घेणारे पोलिस आणि मेसकरी प्रेक्षकाला भाबडे वाटू लागतात. संशयितांतून एक वजा झाल्याने अनुकूलबाबू अधिक उघडे पडतात, आणि चाणाक्ष प्रेक्षक त्यांच्यापाशी लवकर पोहोचतो.

हे रूपांतराचे अपयश मानावे काय? तसे मानण्याची घाई करू नये. एक कुतूहल गेले, त्याच्या जागी दुसरे काही आले. मराठी समीक्षेत ज्याला नाट्यात्म उपरोध म्हणतात तो येथे सबंध भागभर चालू राहतो. अतुल गप्पांत भाग घेतो, निरुपद्रवी प्रश्न विचारतो, डॉक्टरांच्या सौजन्याने भारावून गेल्यासारखा दिसतो. आणि प्रेक्षक त्या प्रत्येक हालचालीचे दुहेरी वाचन करतो. ‘हा कोण?’ या प्रश्नाऐवजी ‘हा आता काय पाहतो आहे?’ असा प्रश्न त्याच्या मनात राहतो. कथेचा वाचक अजितच्या शेजारी बसलेला असतो. मालिकेचा प्रेक्षक अजितच्या डोक्यावरून पाहतो. अजितविषयी त्याला किंचित कणव वाटते, ती मूळ कथेत नाही. स्वतःच्या खोलीत जागा दिली, मैत्री केली, आणि ज्याच्याशी केली त्याचे नावही खरे नव्हते! सत्याचा शोध घेणाऱ्याची पहिली कृती म्हणजे मित्राशी बोललेले असत्य, ही गोष्ट कथेत शेवटच्या धक्क्यात विरून जाते. मालिकेत ती डोळ्यांसमोर सतत घडत राहते आणि टोचते. नैतिकदृष्ट्या दूरदर्शनचा भाग मूळ कथेपेक्षा अधिक अस्वस्थ करणारा आहे, असे या ठिकाणी म्हणावेसे वाटते.

डॉक्टरांचे अकाली उघडे पडणे बासू चॅटर्जींनी वेगळ्या मार्गाने सावरले आहे. ‘रजनीगंधा’ (१९७४), ‘छोटी सी बात’ (१९७६) अशा चित्रपटांतून मध्यमवर्गीय माणसाचे साधे दिवस चितारणारा हा दिग्दर्शक. रहस्यपटाचे नेहमीचे अलंकार (काळोखे जिने, दचकवणारे संगीत, भेदक नजरा) त्याने शक्य तेवढे टाळले. मेस ही मेससारखीच दिसते. माणसे चहा पितात, वर्तमानपत्र वाचतात, हवापाण्याचे बोलतात. या सामान्यपणात डॉक्टरही सामान्य होऊन मिसळतात. कॅमेऱ्याने जे उघड केले ते वातावरणाने पुन्हा थोडे झाकले. मालिकेच्या दीर्घ लोकप्रियतेचे श्रेय सहसा रजित कपूरच्या संयत अभिनयाला दिले जाते, आणि ते योग्यही आहे. पण हे निरलंकृत चित्रण नसते तर तो संयम कोरडा ठरला असता. १९८५ च्या ‘करमचंद’शी तुलना केली म्हणजे हे कळते. तेथे पंकज कपूरचे गाजर, काळा चष्मा आणि किटीला गप्प करणे हाच आस्वादाचा विषय होता. गुन्हा हे निमित्त. व्योमकेशला अशी एकही लकब दिलेली नाही.

वर्गात हा भाग दाखवताना शिक्षकाला एक प्रयोग करता येईल. निम्म्या विद्यार्थ्यांना आधी कथेचा अनुवाद वाचायला द्यावा, उरलेल्यांना थेट चित्रण दाखवावे, आणि अश्विनीबाबूंच्या खुनापाशी दोघांनाही थांबवून संशयितांची नावे लिहून घ्यावीत. निवेदकाचे अज्ञान ही संकल्पना पाठ करून घेण्यापेक्षा या दोन याद्या शेजारी ठेवणे अधिक उपयोगाचे.

कथेची आणखी एक रचना लक्षणीय आहे. दोन अविवाहित तरुण जागेच्या अडचणीमुळे एकत्र राहू लागतात, त्यांतला एक बुद्धिमान शोधक आणि दुसरा त्याचा चरित्रकार. हा साचा आर्थर कॉनन डॉइलचा आहे, ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) मधला. शरदिंदूंनी तो उघडपणे घेतला. पण घेताना डॉक्टर वॉटसनचे दोन तुकडे केले. वॉटसनची लेखणी त्यांनी अजितला दिली आणि वॉटसनची डॉक्टरकी अनुकूलबाबूंना. इंग्रजी कथेत डॉक्टर हा विश्वासाचा पाया. त्याच्या शब्दावर सगळी कथा उभी. येथे तोच पाया पोखरलेला आहे. होमिओपॅथी हा शास्त्राहून अधिक परोपकाराचा व्यवसाय मानला जाई. गल्लीतील गरिबाला अल्प मोलात औषध देणाऱ्या त्या साखरेच्या गोळ्यांवर कोणी संशय घ्यावा? ॲगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ या कादंबरीत निवेदक असलेला डॉक्टरच खुनी निघतो. वसाहतीतील बंगाली लेखकाने त्यानंतर काही वर्षांतच निवेदकाला निर्दोष ठेवून डॉक्टरला दोषी ठरवले, ही निवड अनुकरणाच्या खात्यात टाकता येत नाही.

‘सत्यान्वेषी’ हा शब्द व्योमकेशने घेतला तो विचार करून. ‘डिटेक्टिव्ह’ शब्द त्याला ऐकायला बरा वाटत नाही, ‘गोएंदा’ त्याहून वाईट. म्हणून हे बिरुद. बंगालीत या नकारामागे इतिहास आहे. प्रियनाथ मुखोपाध्याय यांची ‘दारोगार दप्तर’ ही माला १८९२ पासून निघू लागली. तिचा लेखक स्वतः पोलिस खात्यातला. गोएंदा हा सरकारचा माणूस होता. मराठीकडे पाहिल्यास स्थिती फारशी निराळी नाही. ‘गुप्तहेर’ या शब्दातला हेर हा राजाचा असतो. बहिर्जी नाईकांपासूनची परंपरा ती. ‘सी.आय.डी.’ हे खात्याचे नाव बोलीत सामान्यनाम झाले, पण कोणी चोरून पाळत ठेवतो असे सुचवण्यासाठी. ‘तपासनीस’ कचेरीतला, ‘संशोधक’ ग्रंथालयातला. अन्वेषण हा सुंदर तत्सम शब्द मराठीने घेतला तोही ‘गुन्हे अन्वेषण विभाग’ या पाटीसाठी. सरकारी हुकमाशिवाय, निव्वळ सत्य कळावे म्हणून गुन्ह्याच्या मागे जाणाऱ्या खासगी माणसाला मराठीत नाव नाही.

आश्चर्य असे की क्रियापदांची मात्र रेलचेल आहे. माग काढणे, छडा लावणे, पाळत ठेवणे, सुगावा लागणे, धागेदोरे जुळवणे, पाळेमुळे खणणे. यांतील ‘माग’ हा शब्द खानदेशाच्या दृष्टीने महत्त्वाचा. जुन्या ग्रामव्यवस्थेत गावाच्या राखणीचे काम जागल्याकडे असे. खानदेशात ते बहुतेक ठिकाणी भिल्लांकडे होते. चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढीत जायचे आणि तो शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की तेथल्या राखणदाराच्या हवाली करायचा. मग चोर शोधण्याची वा भरपाईची जबाबदारी त्या गावाची. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टनने १८१९ साली केलेल्या अहवालात या पद्धतीचे वर्णन आहे. धुळीतील ठशावरून अनुमान, अनुमानावरून उत्तरदायित्व, असे हे तर्कशास्त्र आहे. लंडनच्या चिखलात बुटांचे ठसे पाहणारा होम्स जन्मण्यापूर्वी कितीतरी आधी तापीकाठच्या शिवारात ते चालत होते. तरी ते करणाऱ्याला कथेचा नायक करावा असे मराठी लेखकाला वाटले नाही. याची कारणे जातिव्यवस्थेत शोधावी लागतील. ‘वाचक’ आणि ‘जागल्या’ हे एकाच वर्गातले नव्हते. इंग्रजी अमलात तर भिल्ल हा राखणदार न राहता बंदोबस्ताचा विषय झाला.

नामाच्या या अभावाचा परिणाम मराठी रहस्यकथेच्या नायकांवर दिसतो. गो. ना. दातारांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर रेनॉल्ड्सची छाया होती. त्यांत शोधापेक्षा साहस अधिक. अर्नाळकरांचे सर्वांत लाडके नायक झुंजार आणि काळापहाड. दोघेही कायद्याच्या कुंपणाबाहेर उभे राहून न्याय करणारे. धनंजय आणि छोटू ही अर्नाळकरांची जोडी शोधकथेच्या साच्याला अधिक जवळची. पण वाचकांच्या स्मरणात झुंजारच मोठा राहिला. पुढच्या पिढीत सुहास शिरवळकरांनी (१९४८–२००३) अमर विश्वास हा बॅरिस्टर उभा केला. म्हणजे नायक एक तर कायद्याबाहेरचा, नाही तर कायद्याच्या सनदेचा. दूरचित्रवाणीने दुसरा पर्याय पक्का केला. ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेचे नावच पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकावरून आलेले. तिच्याशी संबंधित बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम यांनी पुढे १९९८ पासून ‘सी.आय.डी.’ ही हिंदी मालिका घराघरांत नेली. ‘हॅलो इन्स्पेक्टर’मध्ये रमेश भाटकर. मराठी पडद्यावरचा शोधक गणवेशातला, किंवा गणवेश घरी ठेवून आलेला पोलिसच राहिला.

सनद नाही, फी नाही, केवळ डोक्यात किडा वळवळतो म्हणून शोध घेणारा मराठी नायक पाहावयाचा तर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेकडे जावे लागते, आणि तो शाळकरी मुलगा आहे! प्रौढ मराठी माणसाने विनाकारण सत्याच्या मागे लागावे, हे जणू शालेय वयानंतर शोभत नाही. कथेबाहेरच्या जगात मात्र असा एक मराठी माणूस होऊन गेला आणि त्याची अखेर धुळ्यात झाली. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत, कागदाचा बनाव ओळखीत, शाई आणि लिपी यांवरून काळ ठरवीत. मागे सरकार नाही, संस्थान नाही. त्यांच्या मृत्यूनंतर धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. व्योमकेशच्या पाटीवरील शब्दाचा मराठी अनुवाद ‘गुप्तहेर’ करण्यापेक्षा या परंपरेतला ‘संशोधक’ अधिक जवळचा ठरतो. गुन्हा आणि इतिहास यांची गल्लत होईल ही भीती आहे. परंतु दोन्हीकडे साक्षीदार खोटे बोलतात आणि कागद बोलावा लागतो.

या बंगाली नायकाचे महाराष्ट्राशी असलेले नाते केवळ तौलनिक नाही. शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) १९३८ मध्ये हिमांशु राय यांच्या बोलावण्यावरून बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहिण्यास मुंबईत आले. १९५२ पासून ते पुण्यात स्थायिक झाले. व्योमकेशकथा मध्यंतरी सुमारे पंधरा वर्षे थांबल्या होत्या. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्या ‘चित्रचोर’पासून पुन्हा सुरू झाल्या, आणि मालेतील बहुसंख्य कथा त्यानंतरच्या. म्हणजे कलकत्त्याच्या गल्ल्यांत फिरणारा व्योमकेश मोठ्या प्रमाणात महाराष्ट्रात बसून लिहिला गेला. ‘शैलरहस्य’ या कथेत तर तो पुण्याहून महाबळेश्वरला जातो, सह्याद्री नावाच्या हॉटेलात उतरतो आणि तेथील हकीकत अजितला पत्राने कळवतो. याच लेखकाने शिवकालातील सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या साहसकथा बंगाली मुलांसाठी लिहिल्या. पुण्यात अठरा वर्षे राहिलेल्या या शेजाऱ्याची ओळख असंख्य मराठी कुटुंबांना झाली ती त्याच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, दिल्लीहून प्रसारित होणाऱ्या हिंदी मालिकेतून. आणि त्या मालिकेत व्योमकेशची पत्नी सत्यवती झाली ती मराठी अभिनेत्री, सुकन्या कुलकर्णी. ‘सत्यान्वेषी’ या भागात अर्थातच ती नाही. मेस पुरुषांची आहे. सत्यवती प्रवेश करते ती ‘अर्थमनर्थम्’ या कथेत.

‘शैलरहस्य’मध्ये पत्र व्योमकेशचे आहे, हा तपशील मूळ मुद्द्याकडे परत नेतो. अजित सोबत नाही, म्हणून शोध घेणाऱ्यालाच लेखणी हाती घ्यावी लागली. १९६० च्या दशकातील अखेरच्या काही कथांत तर शरदिंदूंनी अजितला निवेदनातून मुक्तच केले आणि त्या तृतीयपुरुषात सांगितल्या. आपल्याला ठाऊक नाही हे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस कथेतून गेला, आणि जे कॅमेऱ्याने पुढे १९९३ मध्ये केले ते लेखकाने स्वतःच आधी करून पाहिले. या कथांचे रचनाकौशल्य कमी नाही; तरी पूर्वीची ऊब त्यांत जाणवत नाही. २०१५ साली दिबाकर बॅनर्जींनी ‘डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्शी!’ या चित्रपटात याच कथेतील मेस आणि डॉक्टर घेऊन काळ १९४३ चा केला. तेथेही अजित आहे, पण निवेदक नाही. चित्रपट व्योमकेशच्या बाजूने पाहतो, आणि डॉक्टर महायुद्धकालीन कटाचा सूत्रधार बनतो. व्याप्ती वाढली. एका खोलीतल्या दोन खाटांमधील अंतर मात्र त्यात मोजले गेले नाही.

ते अंतर मोजण्यासाठी विद्यार्थ्यांना आणखी एक लेखन देता येण्याजोगे आहे. दूरदर्शनचा भाग पाहून झाल्यावर, अजितला जे ठाऊक नव्हते ते काटेकोरपणे वगळून, हीच हकीकत अजितच्या तोंडून आपल्या बोलीत लिहावी. अहिराणीत लिहिणाऱ्याला मेस, कंपाउंडर, कोकेन हे शब्द अडणार नाहीत. ते जसेच्या तसे चालतील. अडेल तो शेवटच्या पाटीवरचा शब्द. त्या जागी ‘माग काढनारा’ असे कोणी लिहिले तर ते बदलून घेण्याची आवश्यकता नाही.